बटणाची कैफियत

१. प्रश्न कोणता?

लष्करी जीवनाविषयी नागरी माणसाच्या मनात जे कुतूहल असते, त्यात तोफा, रणगाडे आणि विमाने यांच्या बरोबरीने, किंबहुना थोडे अधिकच, एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीविषयीचे आश्चर्य असते. ज्या शिपायाने प्रसंग पडल्यास प्राण पणाला लावावेत अशी आपली अपेक्षा, त्याला खिशाचे एक बटण उघडे राहिले एवढ्यावरून सर्वांदेखत बोल ऐकावा लागतो, संध्याकाळी इतर मोकळे झाल्यावर एकट्याने जादा कवायत करावी लागते, आणि नवल असे की तो त्यावर तोंडातून ब्रही काढीत नाही. ‘शत्रू काय बटण पाहून गोळी झाडतो?’ असे मुलाला भरतीला धाडणारा बापही विचारतो आणि गावच्या पारावर बसून युद्धनीतीवर बोलणारे पंडितही विचारतात.

या प्रश्नाला दोन पदर आहेत. नियम इतके बारीक का, हा पहिला. आणि नियमभंग दाखवून दिला असता कनिष्ठाने तो कसा ऐकून घ्यावा, हा दुसरा. दुसरा अधिक अवघड आहे. पण पहिल्याचा उलगडा झाल्यावाचून त्याला हात घालता येत नाही.

२. वर्दी वाचावी कशी?

वर्दी अंगावर घालण्याची वस्तू असली, तरी तिचे मुख्य काम सांगण्याचे आहे. अनोळखी दोन सैनिक अंधुक उजेडात समोरासमोर आले असता ‘आपण कोण, कोणत्या पलटणीचे, कोणत्या दर्जाचे’ ही विचारपूस करीत बसण्यास त्यांना अवसर नसतो. ते सर्व वर्दीने आधीच सांगून ठेवलेले असते. डोक्यावरची टोपी, जिला लष्करात बेरे म्हणतात, ती तांबूस मरून रंगाची असेल तर गडी हवाई छत्रीधारी दलाचा, काळी असेल तर रणगाड्यांच्या दलाचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाच्या हिरव्या बेरेवर लाल-हिरवा तुरा दिसतो. शीख सैनिक बेरेऐवजी पगडी बांधतो. बाहीवर एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक, तीन असतील तर हवालदार.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, खांद्यावर दोन तारे असलेला एक गृहस्थ आपल्यासमोर उभा आहे. तो कोण? नागरी माणूस चटकन ‘लेफ्टनंट’ म्हणून मोकळा होईल. पण ताऱ्यांच्या जोडीला लाल-पिवळ्या-लाल रंगांची एक अरुंद पट्टी असेल, तर तो लेफ्टनंट नव्हे, सुभेदार होय. शिपायापासून चढत चढत वीस-पंचवीस वर्षांच्या चाकरीने त्या पदाला पोहोचलेला, पलटणीची नाडी ओळखणारा तो अनुभवी माणूस. तर लेफ्टनंट म्हणजे प्रबोधिनीतून नुकताच बाहेर पडलेला विशीबाविशीचा तरुण. दोघांच्या वयात, अधिकारात आणि कर्तव्यात एवढे अंतर असताना दुरून पाहणाऱ्याला त्यांतील भेद दाखवणारी वस्तू म्हणजे ती कापडाची पट्टी. ती निसटली तर एक माणूस दुसराच ठरतो, आणि म्हणून तिच्याकडे बोट दाखवणारा वरिष्ठ केवळ टापटिपीचा हट्ट करीत आहे असे म्हणता येत नाही.

छातीवरील पदकांच्या फितींचेही असेच. त्या डाव्या छातीवर, ठरलेल्या मानक्रमाने, सर्वांत श्रेष्ठ पदक छातीच्या मध्याकडे येईल अशा रीतीने लावावयाच्या असतात. परमवीर चक्राची जांभळी फीत या क्रमात सर्वांत अग्रभागी असते, आणि त्या पदकाचे रेखाटन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय, पण विवाहाने एका मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या घरच्या होत्या, हे जाता जाता आठवणे आपल्याला आवडेल. फितींचा क्रम चुकला तर पराक्रमाचा दाखलाच खोटा पडतो.

३. ब्रह्मदेशातील बाह्या

ओळख पटविणे हा वर्दीचा एक हेतू झाला. दुसरा हेतू शरीररक्षणाचा. आणि त्याचे याहून बोलके उदाहरण मला इतिहासात दुसरे आढळलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढणाऱ्या चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे की १९४३ साली जखमी होऊन मागे न्याव्या लागणाऱ्या प्रत्येक सैनिकामागे आजारी पडून मागे न्यावे लागणारे १२० असत. या सेनेत हिंदी सैनिकांचा भरणा मोठा होता आणि मराठा पलटणीही होत्या. जपानी बंदुकीपेक्षा डास अधिक माणसे निकामी करीत होता, हे ओळखून स्लिम यांनी पोशाखाचे नियम कडक केले. अर्ध्या विजारी जाऊन लांब विजारी आल्या, आणि सूर्य मावळण्यापूर्वी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत खाली सोडून बटण लावलेच पाहिजे असा हुकूम सुटला. त्याच्या जोडीला हिवतापाची मेपाक्रिन नावाची कडू गोळी रोज घेणे सक्तीचे झाले. दमट उकाड्यात, घामाने भिजलेल्या माणसाला बाह्या खाली ओढावयास सांगणारा हवालदार त्या संध्याकाळी कुणालाही प्रिय वाटला नसेल.

परंतु या कथेतील मर्म पुढेच आहे. गोळ्या खरोखर घेतल्या जातात की नाही, याची स्लिम अचानक तपासणी करवीत, आणि एखाद्या पलटणीत ते प्रमाण शेकडा ९५ च्या खाली आढळले तर शिक्षा शिपायांना न करता पलटणीच्या प्रमुखालाच बडतर्फ करीत. असे तिघांनाच घालवावे लागले. बाकीच्यांना मतलब समजला. कनिष्ठाच्या हातून झालेल्या कसुरीची जबाबदेही वरिष्ठाच्या शिरावर ठेवली, की तपासणीला एकदम निराळे वजन येते. कारण आता बाही खाली ओढायला सांगणारा अधिकारी स्वतःही त्याच नियमाने बांधलेला असतो.

तिसरा हेतू सवयीचा. जो माणूस रोज पहाटे, कुणी पाहत असो वा नसो, बटणांपासून बुटाच्या नाडीपर्यंत सर्व काही एका ठरलेल्या क्रमाने तपासतो, तो बंदुकीची नळी आणि पाण्याची बाटलीही त्याच ओघात तपासतो. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक जवानाचे प्रत्येक शस्त्र उघडून पाहण्यास वेळ नसतो, म्हणून तो, आपल्याकडे गृहिणी शितावरून भाताची परीक्षा करते त्याप्रमाणे, एका बटणावरून संपूर्ण माणसाचा अंदाज घेतो. हा अंदाज कधी चुकतोही. गबाळ्या दिसणाऱ्या माणसांनी अतुल पराक्रम केल्याची उदाहरणे आहेतच. तथापि शेकडो माणसे ज्याला अल्पावधीत पारखावयाची आहेत, त्याला शितापलीकडे उपाय नसतो.

४. दोष कुणी दाखवावा?

नियमभंग दिसला म्हणजे ज्या कुणाला तो दिसेल त्याने ओरडावे, अशी रीत लष्करात नाही. जवानाची चूक त्याच्या सेक्शनच्या नाईकाने वा प्लाटूनच्या हवालदाराने पाहावी हा शिरस्ता. एखाद्या अधिकाऱ्याच्या नजरेला ती आधी पडली, तर तो पुष्कळदा जवानाशी न बोलता हवालदाराकडे वळतो, आणि त्या एका दृष्टिक्षेपात जो अर्थ असतो तो हवालदाराला पुरता कळतो. अशाने जवानाचा खरा तपासनीस कोण हे स्पष्ट राहते आणि हवालदाराचा मुलाहिजाही राखला जातो.

तरुण अधिकाऱ्याची चूक सुभेदाराला दिसली तर मामला अधिक नाजूक होतो. कायद्याने लेफ्टनंट वरिष्ठ, अनुभवाने सुभेदार. भारतीय सेनेत अधिकारी सुभेदाराला ‘साहेब’ म्हणून हाक मारतो आणि सुभेदारही अधिकाऱ्याला ‘साहेब’च म्हणतो, या परस्पर आदरात दोघांच्या नात्याचे सारे तारतम्य साठवलेले आहे. अशा वेळी सुभेदार जवानांसमोर काही बोलत नाही. परेड सुरू होण्यापूर्वी तो दोन पावले जवळ येतो, आणि ‘साहेब, बिल्ला जरा तिरका वाटतो’ एवढेच हलक्या आवाजात सांगतो. शहाणा लेफ्टनंट बिल्ला नीट करतो व आभार मानतो. अशहाणा लेफ्टनंट रागावतो, आणि त्यानंतर सुभेदार त्याला काहीच सांगत नाही. हे नुकसान केवढे आहे हे त्याला उमगावयास बहुधा काही वर्षे जावी लागतात.

प्रबोधिन्यांत मात्र हा नाजूकपणा नसतो. १९५५ पासून खडकवासल्याला असलेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत किंवा डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत कवायतीचा उस्ताद हा उद्याच्या अधिकाऱ्यावर खुशाल ओरडतो. जो मुलगा दोन-तीन वर्षांनी त्याच्याकडून सलाम घेणार आहे, त्यालाच तो आज मैदानाभोवती पळवतो. ‘साहेब’ हा शब्द तोंडी ठेवूनही माणसाला घाम फोडता येतो, ही कला या उस्तादांइतकी क्वचितच कुणाला साधली असेल. आज्ञा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती यावयाचा, त्याने आज्ञा ऐकण्याचा अनुभव आधी पुरेपूर घ्यावा, हा यातील हेतू.

५. ऐकणाऱ्याने काय करावे?

आता दुसऱ्या पदराकडे येऊ. समजा, एक नायब सुभेदार सकाळच्या परेडवर एका जवानासमोर थांबून म्हणतो, ‘बेल्ट ढिला आहे.’ जवानापुढे तीन मार्ग आहेत. तो म्हणू शकेल, ‘साहेब, रात्री गस्तीवरून उशिरा आलो, सकाळी वेळच मिळाला नाही.’ तो काहीच न बोलता चेहऱ्यावर नाराजी आणू शकेल. किंवा सावधान अवस्थेत सरळ समोर पाहत ‘ठीक आहे, साहेब’ एवढेच म्हणून, परवानगी मिळताच बेल्ट आवळू शकेल. सैन्यात तिसरा मार्गच मान्य आहे.

यावर नागरी वाचक लगेच विचारील, की पहिल्या उत्तरात खोटे ते काय होते? जवान खरोखरच उशिरा आला असेल. अगदी बरोबर, परंतु प्रश्न विचारलाच गेला नव्हता. ‘बेल्ट ढिला आहे’ हे वस्तुस्थितीचे कथन होते आणि ते खरे होते. ढिला का राहिला याची विचारपूस सुभेदाराला करावयाची असती तर त्याने ती केली असती, आणि तेव्हा गस्तीची हकीकत सांगणे हे जवानाचे कर्तव्यच ठरले असते. विचारले असता दिलेली माहिती ही कैफियत. न विचारता पुढे केलेली तीच माहिती ही सबब. शब्द तेच, पण एकाने काम पुढे सरकते आणि दुसऱ्याने रांगेत उभ्या असलेल्या तीस जणांसमोर वादाला तोंड फुटते.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत कुणी चूक दाखवली की ती आपण आपल्या संपूर्ण व्यक्तिमत्त्वावरचा आरोप समजतो, आणि म्हणून बचावाला उभे राहतो. लष्करी शिस्तीची खुबी अशी, की तीत बोलणे बेल्टापुरते असते. बेल्ट आवळला, बोलणे संपले. त्याच संध्याकाळी तोच नायब सुभेदार त्याच जवानाच्या रजेच्या अर्जाची चौकशी आपुलकीने करीत असतो, आणि दोघांपैकी कुणालाही यात विसंगती वाटत नाही. अर्थात, हे सर्वत्र घडते असा माझा दावा नाही. बोलणे बेल्टावरून घसरून माणसावर येते, अशा वरिष्ठांची जात सैन्यातही आहे, आणि त्यांच्यासाठीच पुढील भागातील कायदा लिहिलेला आहे.

आता वरिष्ठच चुकत असेल तर? त्याचेही एक उदाहरण घेऊ. सर्वांच्या पायांत बूट असताना एका जवानाच्या पायांत कापडी जोडे दिसतात आणि अधिकारी संतापतो. वास्तविक जवानाच्या टाचेला जखम आहे आणि पलटणीच्या दवाखान्याने, म्हणजे एम. आय. रूमने, त्याला बुटांपासून सूट दिल्याची चिठ्ठी त्याच्या खिशात आहे. येथे गप्प राहणे हा आज्ञाधारकपणा नव्हे, कारण त्याने अधिकाऱ्यालाच तोंडघशी पाडल्यासारखे होईल. ‘साहेब, एम. आय. रूमची चिठ्ठी आहे’ असे सांगून ती दाखवावयाची, आणि थांबावयाचे. स्वर चढवावयाचा नाही, की ‘मी आधीच सांगत होतो’ असा भावही आणावयाचा नाही. कागद पाहून अधिकारी पुढे जातो. त्याने क्षमा मागितली तर तो मोठा. न मागितली तरी जवानाचे काही बिघडत नाही.

६. ऐकण्याची मर्यादा

सैनिकाने प्रत्येक आज्ञा डोळे मिटून पाळावी असा कायदा आहे, ही समजूत चुकीची आहे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या ४१ व्या कलमात शिक्षा सांगितली आहे ती कायदेशीर आज्ञेच्या भंगाला. आणि तेथेही, वरिष्ठाने जातीने दिलेली आज्ञा सत्तेचा हेतुपुरस्सर अवमान दिसेल अशा रीतीने झुगारणे हा जो सर्वांत गंभीर प्रकार, तो साध्या आज्ञाभंगाहून निराळा काढलेला आहे. शांततेच्या काळी साध्या आज्ञाभंगाला पाच वर्षांपर्यंत, तर हेतुपुरस्सर अवमानाला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कृत्याइतकीच रीतही कायद्याने तोलली आहे. ढिला बेल्ट यांपैकी कशातच येत नाही. असल्या बारीक कसुरी बहुधा कागदावर न येताच जादा कवायतीत फिटतात, आणि अगदीच कागदावर आल्या तर ८० व्या कलमाखाली पलटणीचा प्रमुख लाइनबंदीसारखी, म्हणजे पलटणीच्या आवाराबाहेर न जाऊ देण्यासारखी, किरकोळ शिक्षा, तीही २८ दिवसांच्या मर्यादेत, देऊ शकतो.

दुसऱ्या बाजूला ४७ वे कलम आहे. हाताखालच्या माणसावर हात टाकणाऱ्या किंवा त्याला अन्य प्रकारे छळणाऱ्या अधिकाऱ्याला, सुभेदाराला वा हवालदाराला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि २६ व्या कलमाने, वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटणाऱ्या जवानाला आपल्या कंपनीच्या प्रमुखाकडे दाद मागता येते. ज्याच्याविरुद्ध फिर्याद तोच प्रमुख असेल, तर त्याच्या वरच्याकडे. क्रम असा ठरला आहे, की आधी आज्ञा पाळावी आणि मग फिर्याद करावी. मात्र आज्ञा कायदेशीर असली पाहिजे. याखेरीज पलटणीचा प्रमुख जवानांचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी जो दरबार भरवतो, त्यातही बूट चावतो की टोपी आखडते हे सांगण्यास वाव असतो.

७. नियमच चुकीचा असेल तर?

येथवर आपण नियम योग्य असल्याचे गृहीत धरले. ते गृहीत कोसळले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी १८०६ सालच्या वेल्लोरला जावे लागते.

कंपनी सरकारच्या मद्रास सैन्याचे सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांच्या अमलात शिपायांच्या पोशाखाविषयी नवे फर्मान निघाले. जुन्या पागोट्याच्या जागी साहेबी हॅटसारखे दिसणारे, चामड्याचा तुरा असलेले नवे शिरोभूषण आले. परेडवर कपाळी गंध वा भस्म लावू नये, कानांत बाळ्या घालू नयेत, दाढी काढावी आणि मिशा ठरल्या नमुन्याच्या राखाव्यात असेही ठरले. सैन्य एकसारखे दिसावे, एवढाच विचार हुकूम लिहिणाऱ्यांच्या मनात असेल. पण हिंदू शिपायाला चामडे आणि गंध यांचा, मुसलमान शिपायाला दाढीचा काय अर्थ आहे, हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. मे महिन्यात काही शिपायांनी नवे पागोटे घालण्यास नकार दिला. त्यांच्यापैकी एका हिंदूला व एका मुसलमानाला फटके मारून नोकरीतून काढण्यात आले. जूनमध्ये मुस्तफा बेग नावाच्या शिपायाने बंडाची खबर वरिष्ठांना दिली, तर ती खोटी ठरवून त्यालाच कोठडीत घालण्यात आले.

१० जुलैच्या पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यातील शिपाई उठले आणि त्यांनी गोऱ्या फौजेवर हल्ला चढवला. त्याच दिवशी अर्काटहून कर्नल गिलेस्पी घोडदळ घेऊन आले व किल्ला परत घेतला गेला. दोन्ही बाजूंची मिळून शेकडो माणसे प्राणास मुकली. टिपू सुलतानाचे कुटुंब त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, तेव्हा केवळ पागोट्यानेच हा वणवा पेटला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ठिणगी पागोट्याची होती, हे सरकारनेही मान्य केल्यासारखेच झाले. कारण नवे नियम मागे घेण्यात आले, आणि क्रॅडॉक व गव्हर्नर विल्यम बेंटिंक या दोघांनाही परत बोलावण्यात आले.

या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत करुण व्यक्ती मुस्तफा बेग ही होय. वरून खाली बोलण्याचा मार्ग मद्रासच्या सैन्यात उत्तम चालू होता. खालून वर बोलण्याचा मात्र बंद होता, आणि ज्याने तो वापरून पाहिला त्याची रवानगी कोठडीत झाली.

८. नियम बदलतात कसे?

नियम पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो असे नाही. ब्रिटिश सैनिकाने वरच्या ओठावर वस्तरा चालवू नये, म्हणजे मिशा राखल्याच पाहिजेत, असा त्यांच्या सैन्यात कित्येक दशके नियम होता. तो १९१६ च्या ऑक्टोबरात, पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यात रद्द झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या आठव्या सेनेचे सेनापती माँटगोमेरी पोशाखाच्या बाबतीत इतके उदार होते, की स्वतःच्या बेरेवर एकाऐवजी दोन बिल्ले लावीत. १९४३ साली सिसिलीच्या मोहिमेत एका लॉरीतला शिपाई अंगावर जवळजवळ काही नसताना डोक्यावर उंच रेशमी हॅट चढवून त्यांना सामोरा आला, आणि त्याने ती हॅट मोठ्या अदबीने उतरवून त्यांना मुजरा केला. सेनापती पोट धरून हसले, आणि आठव्या सेनेत रेशमी हॅट घालू नये एवढाच पोशाखाविषयीचा हुकूम त्यांनी काढला.

आपल्याकडे मोठा बदल १९५० साली झाला. प्रजासत्ताक होताच अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील राजमुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभावरील सिंह आले. अगदी अलीकडचा बदल १ ऑगस्ट २०२३ पासूनचा आहे. ब्रिगेडियर आणि त्यावरील सर्व अधिकाऱ्यांसाठी टोपी, खांद्यावरील दर्जाची चिन्हे, गळ्याजवळील पट्ट्या, बेल्ट आणि बूट हे सर्व सेनाभर एकसारखे करण्यात आले, आणि खांद्यावरून जाणारी पलटणीच्या रंगाची दोरी त्यांच्यापुरती बंद झाली. तीस वर्षे एकाच पलटणीचा तुरा आणि दोरी मिरवलेल्या माणसाला, हाताखाली अनेक पलटणी आल्याबरोबर, आपल्या पलटणीची खूण उतरवून ठेवावी लागते. कर्नल आणि त्याखालील अधिकाऱ्यांच्या वर्दीत मात्र या हुकुमाने काही बदल केलेला नाही.